ब्रेक दाबला, इंडिकेटर लागला!

पंधरा-वीस वर्षे भाजीपाला वाहून थकलेली एक पिकअप घ्या. ड्रायव्हर ब्रेक दाबतो. मागे डावीकडचा लाल दिवा झळाळून उठायला हवा, पण तो जेमतेम मिणमिणतो. एवढेच नव्हे, डाव्या बाजूचे पुढचे-मागचे इंडिकेटर बटण बंद असूनही मंद पेटतात. बल्ब चांगला आहे, फ्यूजही शाबूत आहे. मग बिघाड कुठे आहे?

प्रश्न किरकोळ नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. ब्रेकचा दिवा ओळखायला रात्री एक सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर हातचे जाते.

उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे : परिपथ पूर्ण झाल्याशिवाय धारा वाहत नाही. घरातल्या दिव्याकडे दोन तारा जातात. गाडीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच वायर दिव्यापर्यंत येते. परतीचे काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो, कारण बॅटरीचे ऋण टोक त्याला जोडलेले असते. गॅरेजमध्ये यालाच ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जमिनीशी त्याचा संबंध नाही.

मागच्या दिव्याच्या एकाच डब्यात ब्रेक, टेल लॅम्प आणि इंडिकेटर असतात आणि अनेक गाड्यांत या तिघांना मिळून परतीची एकच वाट असते. पावसाळे, चिखल आणि गंज यांनी नेमका हाच सांधा खराब होतो. आता ब्रेकच्या बल्बमधून आलेली धारा सांगाड्यात जाऊ शकत नाही. ती मागच्या इंडिकेटरमधून उलटी शिरते, त्याच्या वायरने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बॅटरीकडे परतते. म्हणजे २१ वॅटचे तीन बल्ब नकळत एकसर जोडणीत आले! १२ व्होल्टचे तीन वाटे झाले आणि प्रत्येकाला सुमारे ४ व्होल्ट मिळाले. म्हणून तिन्ही मिणमिणतात.

हे वर्गात करून पाहता येईल. चार सेल (६ व्होल्ट), ६ व्होल्टचे तीन सारखे बल्ब आणि दोन बटणे घ्या. ‘अ’ हा ब्रेक, ‘ब’ मागचा इंडिकेटर, ‘क’ पुढचा इंडिकेटर. सेलच्या धन टोकापासून पहिले बटण ‘अ’ला जोडा, दुसरे बटण ‘ब’ आणि ‘क’ या दोघांना जोडा. ‘अ’ आणि ‘ब’ची उरलेली टोके एकत्र करून एकाच तारेने ऋण टोकाला न्या. ‘क’चे उरलेले टोक वेगळ्या तारेने ऋण टोकाला जोडा. पहिले बटण दाबल्यावर फक्त ‘अ’ लागेल. आता ‘अ’ आणि ‘ब’ची सामाईक तार सोडा आणि तेच बटण दाबा. तिन्ही बल्ब मंद, लालसर लागतील. मग दोन्ही बटणे एकदम दाबा. ‘क’ पूर्ण उजळेल आणि ‘अ’, ‘ब’ विझतील! का? विद्यार्थ्यांनाच विचारा. (सूचना : ‘अ’ आणि ‘ब’च्या दोन्ही टोकांचे विभव तपासा.)

बिघाड शोधताना एक सापळा असतो. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, तर गंजलेल्या सांध्यातूनही तो १२ व्होल्ट दाखवू शकतो. मीटर जवळजवळ धाराच घेत नाही, मग सांध्यात विभव घटणार कसे? समजा, सांध्याचा रोध २ ओहम आहे. बल्ब लावल्यावर सुमारे दीड अँपियर धारा वाहते, ३ व्होल्ट सांध्यातच खर्च होतात आणि बल्बला ९ व्होल्ट मिळतात. व्होल्ट पाऊण राहिले, तरी तापलेल्या तंतूचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो.

म्हणून तपासणी दिवा चालू ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक बल्बच्या धातूच्या टोपीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. वाचन शून्याच्या जवळ हवे. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर परतीच्या वाटेवर रोध आहे. बॅटरीपासून दिव्याच्या तपासायच्या बल्बपर्यंत धन बाजूचीही अशीच परीक्षा घ्यावी.

लक्षणांवरूनही दिशा कळते. एकच दिवा बंद असेल, तर बल्ब आणि होल्डर पाहा. एका गटातले सगळे दिवे गेले, तर फ्यूज आणि बटण पाहा. भलताच दिवा लागला, तर आधी अर्थ पाहा.

दुरुस्ती स्वस्त आहे. बॅटरीची ऋण वायर सोडवून सांधा पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. हौदा आणि सांगाडा यांच्यामध्ये गंज किंवा रंगाचा थर असेल, तर दोघांना जोडणारी वेगळी वायर टाकावी. फ्यूजच्या जागी जाड तार मात्र कधीही घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग लागू शकते.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दिव्यांसाठी वायर दिली, पण अर्थची वायर दिली नाही. तरीही दिवे लागतात. खड्ड्यातून जाताना मात्र लुकलुकतात. धारा कोणत्या वाटेने परतत असेल?