दोन चौकटींमधली रेघ

गाडीच्या खिडकीची काच वर जात असताना मध्ये बोट आलं, तर काच थांबून खाली यायला हवी. एवढं वाक्य शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ते खऱ्या गाडीत उतरवायचं म्हटलं की त्याला फाटे फुटू लागतात. किती जोर लागला की काच थांबायची? आपोआप बंद होणाऱ्या काचांसाठी अमेरिका आणि युरोपच्या नियमांत १०० न्यूटनचा आकडा आहे, म्हणजे ढोबळमानाने दहा किलोच्या पिशवीचा भार. तोही फट ४ ते २०० मिलिमीटर असेल तेव्हाच लागू. शिवाय बोट अडकलं हे काचेला कळतच नाही. कळतं ते दाराच्या पत्र्याआड दडलेल्या मोटरला. तिच्या दांड्यावर एक बारकं चुंबक असतं, शेजारचा हॉल सेन्सर फेरे मोजत बसतो आणि फेरे अचानक मंदावले की सॉफ्टवेअर समजतं, काहीतरी आडवं आलं.

ही सगळी कथा सिस्टीम मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायची, हे पुण्यात हिंजवडीपासून चाकणपर्यंत शेकडो इंजिनियर रोज करतात. पडद्यावर चौकटी असतात. एका चौकटीत गरज: ‘जोर १०० न्यूटनच्या आत’. दुसरीत काम: ‘अडथळा ओळखणे’. तिसरीत वस्तू: मोटर, सेन्सर, दारातला कंट्रोलर. चौथीत चाचणी. चौकटी काढणं सोपं, ते कुणीही करतो. खरी मेहनत असते कुठली चौकट कुठल्या चौकटीला का बांधली आहे, हे सांगण्यात. ऑफिसात त्याला कुणी ‘मागोवा’ वगैरे म्हणत नाही. तिथे विचारतात, ‘लिंक मारली का?’

बाहेरून बघणाऱ्याला हे फक्त चित्रं काढण्याचं काम वाटतं. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं. एकदा पसारा वाटला म्हणून मी एका आकृतीतली नको असलेली चौकट उडवली. दुपारी एक जण आला आणि म्हणाला, ‘माझ्या तीन आकृत्यांतून कंट्रोलर गायब झालाय.’ आकृती ही मॉडेलकडे उघडणारी नुसती खिडकी असते. एकच कंट्रोलर दहा आकृत्यांत दिसला तरी आत तो एकच असतो. नाव एका जागी बदललं की दहा जागी बदलतं. म्हणूनच ‘आकृतीतून काढा’ आणि ‘मॉडेलमधून काढा’ अशा दोन वेगळ्या आज्ञा असतात. मी दुसरी दिली होती. चौकट परत काढायला मिनिट लागलं, तिला चिकटलेल्या लिंका शोधून परत मारायला दोन दिवस.

या मांडणीसाठी जगभर जी भाषा जास्त वापरली जाते तिचं नाव सिसएमएल. सॉफ्टवेअरवाल्यांची यूएमएल ही आकृत्यांची भाषा आधीपासून होतीच. यंत्रं, तारा, माणसं आणि सॉफ्टवेअर असं सगळं एकत्र मांडता यावं म्हणून तिच्यात काटछाट करून आणि भर घालून सिसएमएल तयार झाली आणि २००७ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. तिच्यातल्या रेघांना नावं आहेत. वस्तू गरज भागवते ती ‘सॅटिस्फाय’. चाचणी गरज तपासते ती ‘व्हेरिफाय’. मोठ्या गरजेतून छोटी गरज निघाली तर ‘डिराइव्ह’. अमुक काम अमुक वस्तूच्या गळ्यात घातलं तर ‘अ‍ॅलोकेट’.

इथे नवखा माणूस हमखास बाण उलटा काढतो. गरज आधी आली, वस्तू नंतर बनली, तेव्हा बाण गरजेकडून वस्तूकडे जावा असं मनात येतं. सिसएमएलमध्ये तो वस्तूकडून गरजेकडे जातो. बाण काळाचा क्रम दाखवत नाही, कोण कुणावर अवलंबून आहे ते दाखवतो. गरज बदलली तर वस्तूला धक्का बसणार, म्हणून टोक गरजेकडे. एकदा हे डोक्यात बसलं की आकृती वाचण्याची रीतच पालटते. कुठल्याही चौकटीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही हलली तर कोण कोण हलेल? तिच्यात घुसणारे बाण उलटे चालत गेलो की यादी तयार.

ही यादी कुणाकडे नसली तर काय होतं, याचं एक फार महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान ५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं. साधारण ३७ व्या सेकंदाला ते भरकटलं, तिरकं झालं, तुटू लागलं आणि स्वतःलाच उडवून मोकळं झालं. वर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. नंतर गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं आणि जुलै संपायच्या आत त्याचा अहवाल बाहेर आला. अभियांत्रिकी शिकणाऱ्याने तो अहवाल मुळातून वाचावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. रहस्यकथेपेक्षा बरा आहे.

कारण म्हणून सगळीकडे सांगितलं जातं ते असं: ६४ बिटांत लिहिलेला एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, आकडा मोठा निघाला, रॉकेटला दिशा सांगणारा संगणक बंद पडला. त्याच्या जोडीचा राखीव संगणक त्याच्या आधीच, सेकंदाच्या छोट्याशा अंशापूर्वी, त्याच कारणाने बंद पडला होता, कारण दोघांत सॉफ्टवेअर एकच. बंद पडताना संगणकाने बिघाडाची जी माहिती पाठवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून खरी मानली आणि इंजिनांची तोंडं टोकापर्यंत वळवली.

हे सगळं खरं आहे. पण अहवालातला माझ्या मते सगळ्यात बोलका भाग याच्या मागे आहे. असा धोका असलेली सात चलं इंजिनियरांना आधीच सापडली होती. त्यातल्या चारांना संरक्षण दिलं, तीन तशीच सोडली. प्रोसेसरवरचा बोजा ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता, आणि त्या तीन चलांची किंमत एवढी वाढणारच नाही अशी खात्री होती. ती खात्री आधीच्या एरियान ४ रॉकेटच्या बाबतीत बरोबरच होती. तोच दिशादर्शक संगणक एरियान ५ मध्ये आला, पण नवं रॉकेट सुरुवातीलाच आडव्या दिशेने कितीतरी जास्त वेग पकडणारं होतं. आणि ती तीन चलं का सोडली, याचं कारण कोडमध्ये जिथे ती होती तिथे लिहिलेलं नव्हतं. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात कुठेतरी ते होतं. कुणी मुद्दाम दडवलं नव्हतं, पण बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेला ते पडणं शक्य नव्हतं, असं मंडळाने म्हटलं आहे. त्यावर कळस म्हणजे एरियान ५ च्या मार्गाचे आकडे या दिशादर्शक यंत्राच्या गरजांच्या यादीत घालायचेच नाहीत, असं संबंधितांनी मिळून ठरवलं होतं.

गंमत अशी की ज्या कामात हा आकडा लागत होता, ते काम उड्डाणानंतर लागतच नव्हतं. जमिनीवर यंत्राची दिशा जुळवून घेण्याचं ते काम. एरियान ४ मध्ये ऐन शेवटच्या सेकंदांत उलटी मोजणी थांबलीच, तर सगळं पहिल्यापासून जुळवत बसायला नको म्हणून ते उड्डाणानंतरही साधारण ४० सेकंद चालू ठेवलं जाई. या सोयीचा उपयोग १९८९ मध्ये एकदा झालाही होता. एरियान ५ ची तयारीच वेगळी, तिला ही सोय नको होती. ज्याचं मूळ कारण संपलं होतं असं एक काम ३७ व्या सेकंदालाही इमानेइतबारे चालू होतं.

मॉडेलमध्ये हे कसं दिसलं असतं? ‘दिशा जुळवणे’ या कामाच्या चौकटीतून एक बाण ‘उलटी मोजणी थांबल्यास’ या गरजेकडे गेला असता. नव्या रॉकेटसाठी ती गरज खोडली की बाणाचं टोक हवेत लोंबकळलं असतं. अनाथ चौकट शोधणं हे सॉफ्टवेअरला एका क्षणाचं काम आहे. आणि ‘वेग याच्या पुढे जाणार नाही’ या गृहीतकाची स्वतंत्र चौकट असती, ती मार्गाच्या आकड्यांना बांधलेली असती, तर मार्ग बदलताच ती रेघ लाल झाली असती. काही सॉफ्टवेअरांत याला ‘संशयित लिंक’ म्हणतात. एका टोकाची गोष्ट बदलली, दुसऱ्या टोकाच्या माणसाने अजून पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चूक आहे असं सॉफ्टवेअर म्हणत नाही. कुणीतरी येऊन बघा, असं म्हणतं.

मागून शहाणपण सोपं असतं, हे मान्य. जे गृहीतक कुणाच्या मनातच आलं नाही त्याची चौकट कोण काढणार? आणि दुसऱ्या बाजूचं दुखणंही मी पुरेसं पाहिलंय. १०० चौकटींच्या जोड्या होतात ४,९५०. हजार चौकटींच्या होतात ४,९९,५००. उभ्या-आडव्या रकान्यांच्या तक्त्यात, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, प्रत्येक चौकोनात लिंक टाकायला जागा असते आणि टाकायचा मोह होतो. ऑडिटच्या आदल्या रात्री रिकामे चौकोन भरताना मी लोकांना पाहिलंय, मीही भरलेत. सकाळी तक्ता हिरवागार. पण सगळं सगळ्याला जोडलं की एक चौकट हलवल्यावर अख्खं मॉडेल लाल होतं, आणि लाल रंगाकडे मग कुणी ढुंकून बघत नाही. वाहन उद्योगातला आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचं मानक गरजेपासून चाचणीपर्यंतचा माग दाखवायला सांगतो. लिंक मारताना माणूस विचार करत होता की नुसता क्लिक करत होता, हे त्याला कुठून दिसणार?

लिंकेचा खरा कस लागतो तो मॉडेल चालवून बघता येतं तेव्हा. थर्टी मीटर टेलिस्कोप या प्रस्तावित महादुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका त्यातल्या भारतीय संस्थांपैकी एक. ३० मीटरचा तिचा मुख्य आरसा ४९२ षटकोनी तुकड्यांचा असेल. तुकडे एकमेकांशी जुळवायला मोजमापाची एक वेगळी यंत्रणा लागते. तिचं सिसएमएल मॉडेल अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनियरांनी केलं आणि ते कुणालाही बघता येतं. त्यात कामं नुसती वस्तूंना बांधलेली नाहीत. ती क्रमाने चालवली जातात, लागलेला वेळ बेरजेला येतो आणि ज्या गरजेला तो बांधलाय तिच्याशी ताडून पाहिला जातो. आरसा जागेवर बसण्याच्या कितीतरी आधी.

आमच्या खिडकीकडे वळतो. काच ज्या खाचेतून सरकते तिला रबराची पट्टी असते. एका प्रकल्पात ती पट्टी बदलली. खरेदी विभागाला स्वस्त पडत होती आणि मोजमाप तंतोतंत तेच होतं. मॉडेलमध्ये पट्टीची चौकट कुणा जुन्या माणसाने ‘घर्षण एवढ्याच्या आत’ अशा गृहीतकाला बांधून ठेवली होती, गृहीतक अडथळा ओळखण्याच्या मर्यादेला, आणि मर्यादा त्या १०० न्यूटनला. सात रेघा लाल झाल्या. मी एकेक उघडून बघितली. सहांना काही होणार नव्हतं. सातवी थंडीतल्या चाचणीची होती. नाइलाजाने दार रात्रभर शून्याखालच्या पेटीत ठेवलं. सकाळी बटण दाबलं. कडक झालेल्या रबरात काच कुरकुरत निम्म्यापर्यंत चढली, थांबली आणि खाली आली. मध्ये कुणाचंच बोट नव्हतं.