हजेरी
(विश्वासाची बाराखडी : लेखांक 7)

मागच्या महिन्यात धुळ्यातल्या एका मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मी पाहुणा म्हणून बसलो होतो. देव सगळीकडे आहे, असं बाई मुलांना शिकवत होत्या. दुसऱ्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. “बाई, सगळीकडे शे, मंग संडासमा बी शे का?” वर्गात खसखस पिकली. बाईंनी डोळे वटारले आणि लगेच पुढचं गाणं सुरू केलं.

मला त्या पोराचा हेवा वाटला. आपण मोठी माणसं ‘सर्वव्यापी परमेश्वरा’ असं म्हणून प्रार्थना सुरू करतो आणि त्या शब्दाचा अर्थ काय, याचा कधी विचार करत नाही. त्याने केला. गेल्या आठवड्यात आपण देवाचं सर्वज्ञपण पाहिलं. आज या पोराच्या प्रश्नापासून सुरुवात करू.

सगळीकडे असणं म्हणजे नेमकं काय? पहिल्यांदा मनात येतं ते हवेसारखं किंवा पाण्यासारखं पसरलेलं असणं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन तरुणपणी हेच धरून बसला होता. अथांग समुद्रात एक स्पंज बुडालेला आहे आणि त्याच्या छिद्राछिद्रांत समुद्र भरलेला आहे, तसं जग देवाने भरलेलं असणार, असं त्याला वाटे. पुढे आत्मकथनात त्याने स्वतःचीच फजिती मांडली आहे. हे खरं धरलं तर चिमणीपेक्षा हत्तीमध्ये देव जास्त मावायला हवा! हत्तीचं अंग मोठं, म्हणून त्याचा वाटा मोठा. हे काही खरं नाही, हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यातून बाहेर पडायला त्याला बरीच वर्षं लागली. 417 साली दार्दानस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याने याचं उत्तर दिलं. देव सगळीकडे थोडा थोडा नाही, जिथे आहे तिथे तो पूर्ण आहे.

हे समजायला अवघड वाटत असेल, तर एकदा नवापूरला जा. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनच्या फलाटातूनच दोन राज्यांची हद्द जाते. साधारण आठशे मीटर लांबीच्या फलाटाचा तीनशे मीटर भाग महाराष्ट्रात आणि पाचशे मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तर दुसऱ्या राज्यात. हद्दीवर एक बाक आहे. त्याचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. लोक मधोमध बसून फोटो काढून घेतात. बाक दोन्ही राज्यांत आहे हे खरं, पण कुठल्याही एका राज्यात तो अख्खा नाही. जागा व्यापणाऱ्या प्रत्येक वस्तूचं असंच असतं. इकडे सरकली की तिकडे कमी पडते. देव जागा व्यापत नाही, म्हणून त्याची वाटणी होत नाही. त्या बाकावर बसलेल्या दोघांपैकी प्रत्येकाजवळ तो सगळाच्या सगळा आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने याची तीन अंगांनी फोड केली आणि त्यासाठी राजाचं उदाहरण दिलं. आपण राजाऐवजी जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना घेऊ. त्यांची सत्ता चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत चालते. त्यांची नजर मात्र दालनात जे समोर असेल तेवढ्यावरच. आणि ते स्वतः, देहाने, एका खुर्चीत. माणसाच्या बाबतीत ही तीन वर्तुळं आत आत लहान होत जातात. देवाच्या बाबतीत तिन्ही एकच. जिथे त्याची सत्ता तिथे त्याची नजर, आणि तिथेच तो स्वतः, कारण जे काही आहे ते त्याने या क्षणी धरून ठेवलं आहे म्हणून आहे.

मग संडासात? हो, शे. मे महिन्यात भुसावळचं ऊन गटारीवरही पडतं आणि त्याने ऊन काही विटाळत नाही. हा सूर्यप्रकाशाचा दाखला फार जुना आहे, चर्चच्या पहिल्या काही शतकांतला. बाईंनी एवढं सांगितलं असतं, तरी पोराचं समाधान झालं असतं.

इथे मराठी वाचक म्हणेल, यात नवीन काय? जळी स्थळी काष्ठी पाषाणी, हे तर आम्ही लहानपणापासून ऐकतो. 1932 साली धुळ्याच्याच तुरुंगात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. दहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा अक्षरओळखीचं उदाहरण देतात. आधी ठळक, सोपी अक्षरं, मग जोडाक्षरं. तसा देव आधी ठसठशीत जागी ओळखायचा, मग गुंतागुंतीच्या जागी. उदाहरण सुरेख आहे. पण ‘शेवटी सगळं एकच’ असं म्हणून उठायची घाई मला पटत नाही. डोंगर, नदी, आई, चोर अशा सगळ्या अक्षरांत देव वाचायचा, अशी ती वाट आहे. ख्रिस्ती शिकवण वेगळं म्हणते. अक्षरं देव नाहीत, ती लिहिलेली आहेत आणि लिहिणारा जवळ उभा आहे. अथेन्सच्या सभेत पौल ग्रीकांना सांगतो, की देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, आणि त्याच भाषणात हेही सांगतो, की सोन्याच्या किंवा दगडाच्या घडवलेल्या रूपाला देव समजू नका. निर्माता सृष्टीच्या अगदी निकट, पण सृष्टीहून निराळा. ही दोन्ही टोकं एकदम धरायची आहेत.

म्हणूनच ‘सर्वव्यापी’ हा शब्द मला जरा कोरडा वाटतो. पोथीत ठीक आहे. पण खानदेशातल्या घरगुती प्रार्थनासभेत नीट कान देऊन ऐका. लोक म्हणतात, “प्रभू, तू इथे हजर आहेस.” हजर! हा शाळेच्या हजेरीपटावरचा शब्द. हवा व्यापते, पण हजर राहते ती व्यक्ती. ही जवळिकीची बोली मराठी ख्रिस्ती माणसाला फुकट मिळालेली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. संतांची सख्याशी बोलायची रीत त्यांनी ख्रिस्ती भजनात आणली.

हजेरीला दुसरी बाजूही आहे. बायबलमध्ये देवाने माणसाला विचारलेला पहिला प्रश्न आहे, तू कोठे आहेस? आदाम तेव्हा झाडीत लपला होता. निनवेला जायचं टाळून योनाने याफो बंदरात तार्शीशच्या जहाजाचं भाडं भरलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. देव सगळीकडे हजर असेल तर पळायला जागा उरत नाही, आणि हे नेहमीच सुखाचं नसतं. मुकादमाला, सावकाराला, रात्री हिशेबाच्या वहीत आकडे फिरवणाऱ्याला तर मुळीच नाही.

मुकादमावरून आठवलं. साक्री, नवापूर भागातून दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतेकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांत ख्रिस्ती भिल्ल, मावची कुटुंबंही असतात. गावातल्या चर्चला नाताळात रोषणाई होते, तेव्हा ही माणसं शंभर-दीडशे किलोमीटरवर उसाच्या फडाशेजारी ताडपत्रीच्या पालात असतात. पाळक नाही, घंटा नाही, कधी कधी पंचवीस तारखेलाही सुट्टी नाही. पहाटे फडावर जायच्या आधी चार जण पालाबाहेर शेकोटीशी उभे राहून प्रार्थना करतात. देवाला भेटायचं ते या डोंगरावर की यरुशलेमेत, असा पेच शमरोनी स्त्रीने विहिरीवर येशूपुढे टाकला होता. या दोन्हींवर ते अवलंबून नाही, हे त्याचं उत्तर शेकोटीपाशी फार स्पष्ट कळतं. मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी खुद्द शलमोनाने कबूल केलं होतं, की आकाशातही न मावणारा देव या घरात कसा मावेल?

मग रविवारी चर्चला जायचंच कशाला, असं मला दोन वाचकांनी पत्रातून विचारलं आहे. देव तिथे जास्त असतो म्हणून नाही. तिथे आपण जास्त हजर असतो म्हणून. बाकी सहा दिवस तो हजर आणि आपण गैरहजर, अशीच बहुतेकांची गत असते. माझीही.

एक गोष्ट मात्र लपवता येणार नाही. देव हजर आहे आणि देव जाणवतो, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. 139व्या स्तोत्राचा कवी म्हणतो, की वर स्वर्गात गेलो काय, खाली अधोलोकात गेलो काय, तू आहेसच. ईयोब म्हणतो, पूर्वेला गेलो, तिथे तो नाही, पश्चिमेला गेलो, दिसत नाही. चिंचपाड्याच्या ख्रिश्चन रुग्णालयात 1942 पासून रात्री खाटेशेजारी जागलेल्या किती नातेवाइकांनी ईयोबाचंच वाक्य मनात म्हटलं असेल! बायबलने ईयोबाला खोडून काढलं नाही, की स्तोत्रकाराला खरा ठरवून पुढे केलं नाही. दोघांनाही ठेवून घेतलं. शोकात बसलेल्या माणसाला ‘देव सगळीकडे आहे ना’ असं ऐकवणाऱ्यांनी आधी ईयोबाच्या मित्रांचं काय झालं ते वाचावं.

पुढच्या आठवड्यात ‘सर्वसमर्थ’. तोवर 139वं स्तोत्र आणि ईयोबाचा तेविसावा अध्याय एकाच बैठकीत, मोठ्याने वाचा. दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि घरातलं एखादं पोर मधेच काही विचारू लागलं, तर त्याला गप्प करू नका.