कामाच्या खोलीस हीटर केवढा घ्यावा?

पौष महिन्यांत नाशिक-निफाडकडील थंडी भल्याभल्यांचीं बोटें आखडून टाकते. गच्चीवर पत्र्याखालीं हौसेची सुतारकामाची खोली थाटणाऱ्या गृहस्थास तर सकाळीं रंधा हातांत धरवत नाहीं, आणि सांध्यांना लावलेला सरसही लवकर वाळत नाहीं. मग ‘चांगला मोठा’ हीटर आणावा, असा सोपा विचार मनांत येतो. परंतु हीटर ही अंदाजानें घ्यावयाची वस्तु नव्हे. तो लहान पडला तर ऊब येत नाहीं. फाजील मोठा घेतला तर पैसे व्यर्थ जातात आणि घरांतील तारांवर भलताच भार पडतो.

दुकानदार बहुधा खोलीची लांबी-रुंदी तेवढी विचारतो. खरा प्रश्न निराळाच आहे : खोलींतून उष्णता किती वेगानें निसटते? जेवढी निसटते तेवढीच हीटरनें पुरविली पाहिजे. भोंक पडलेल्या घागरींत पाण्याची पातळी कायम राखण्यासारखाच हा हिशेब आहे.

समजा, खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. बाहेर ८ अंश सेल्सिअस असतां आंत १८ अंश हवे; म्हणजे फरक १० अंशांचा. दर अंशामागें व दर चौरस मीटरमागें नऊ इंची विटेच्या भिंतींतून सुमारें २ वॅट, एकेरी कांचेंतून सुमारें ५ आणि उघड्या पत्र्यांतून सुमारें ७ वॅट उष्णता जाते. दार-खिडक्यांचे ६ चौरस मीटर वजा जातां भिंती ४८ चौरस मीटर उरतात. त्यांतून ९६० वॅट, दारही कांचेसारखेंच धरल्यास दार-खिडक्यांतून ३००, आणि छपरांतून १४०० वॅट जातात. तासाला एकदां खोलींतील हवा बदलते असें धरलें, तर तिच्याबरोबर आणखी २००. एकूण २८६० वॅट. खालीं राहतें घर असल्यामुळें जमिनीचा हिशेब सोडला आहे.

या गळतीपैकीं जवळजवळ निम्मी एकट्या छपराची आहे, हें ध्यानांत घ्या. पत्र्याखालीं ५० मिलिमीटर जाडीच्या खनिज-लोकरीचा थर देऊन खालून फळ्या मारल्या, तर १४०० चे सुमारें १४० होतात व एकूण बेरीज १६०० वर येते. मग ३००० वॅटच्या जागीं २००० वॅटचा हीटर पुरतो, आणि कडाक्याच्या दिवसासाठीं गरजेच्या चतुर्थांशाइतकी शक्ति शिल्लक राहते. शिवाय वैशाखांत तोच थर पत्र्याचा ताप अडवितो.

२००० वॅटचा हीटर पूर्ण जोरानें तासभर चालला कीं २ युनिट वीज खर्च होते. २३० व्होल्टवर तो सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो कदापि लावूं नये. १६ अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावें.

अखेर सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाल तारेच्या उघड्या हीटरचें आणि लाकडाच्या भुशाचें कधींच जमत नाहीं. ज्याची तार झांकलेली असते असा तेलाचा हीटर निवडावा, त्यावर भुसा सांचूं देऊं नये, आणि व्हार्निश लावतांना तो बंद करून खिडक्या उघडाव्या. बंद खोलींत कोळशाची शेगडी तर कोणत्याही सबबीवर पेटवूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि माणूस सावध होण्यापूर्वींच तो प्राण घेतो.

तेव्हां बाजारांत जाण्यापूर्वीं मोजपट्टी, पेन्सिल व कागद घेऊन अर्धा तास त्या खोलींत घालवावा. पाकिटांत हात घालण्यापूर्वीं छपराकडे पाहावें.