पाब्लो कासाल्स यांचे आजोळ

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायाग्वेस नावाचे एक बंदर आहे. विसाव्या शतकातले थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे हे आजोळ. आजोळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुटीतले दिवस येतात. पण हे गृहस्थ डिसेंबर १९५५ मध्ये प्रथमच आपल्या आजोळी गेले, आणि तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. आईचा जन्म ज्या घरात झाला ते घर त्यांनी शोधून काढले. इतक्या उशिरा आजोळी पोचलेला दुसरा नातू माझ्या तरी ऐकिवात नाही.

कासाल्स घराणे स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कॅटलोनियाचे. ह्या प्रांताची भाषा निराळी, इतिहास निराळा, आणि त्याविषयीचा तेथील लोकांचा अभिमान तर विलक्षणच. एकोणिसाव्या शतकात ह्या प्रांतातली पुष्कळ कुटुंबे पोटासाठी आणि व्यापारासाठी क्यूबा व पोर्तो रिको येथे गेली. ही बेटे १८९८ पर्यंत स्पेनच्याच ताब्यात होती. कासाल्स यांचे आजोबा त्यांतलेच एक. तेथे त्यांना मुलगी झाली, तिचे नाव पिलार देफिल्यो. आजोबा वारल्यावर आजी मुलांना घेऊन मायदेशी परतली आणि एल वेंद्रेल ह्या लहानशा गावी राहिली. नातवाला आजोबा पाहायला मिळाले नाहीत. समुद्रापलीकडच्या त्या घराची ओळख त्याला झाली ती आईच्या तोंडून.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना ही गोष्ट फोड करून सांगण्याचे कारण नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजरातेत आलेल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी बरोबर काय आणले? देव्हाऱ्यातले टाक, कुळाचार आणि बोली. वाडे पडले, शेते गेली, पण नवरात्रातला घट अजून त्याच रीतीने बसतो. परमुलखात माणूस आपले घर आणि आपला देव अधिकच घट्ट धरतो, मग तो कॅटलान असो की कोकणातला.

एल वेंद्रेलच्या चर्चमध्ये कार्लेस कासाल्स नावाचे ऑर्गनवादक होते. पिलार त्यांच्याकडे पियानो शिकायला जाऊ लागली, आणि पुढे दोघांचे लग्न झाले. २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लो जन्मला. घरात त्याला कॅटलान भाषेतल्या ‘पाउ’ ह्या नावाने हाक मारीत. ह्या शब्दाचा दुसरा अर्थ शांती, हा योगायोग पुढे पुष्कळांना सुचला. पिलारला अकरा मुले झाली आणि त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. अशा घरात देवाचे नाव उगाच निघत नसते. पाउ पाचव्या वर्षी चर्चच्या गायकवृंदात उभा राहिला. ऑर्गन वाजवायची हौस दांडगी, पण पाय पायपट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते. ते पोचेपर्यंत त्याला थांबावे लागले.

त्याचे पहिले चेलोसारखे वाद्य वडिलांनी घरीच तयार करून दिले, आणि तेही चक्क भोपळ्याचे! गावात आलेल्या फिरत्या कलावंतांकडे असले काहीतरी वाद्य पाहून पोराने हट्ट धरला होता. वाळलेला भोपळा, त्यावर एकच तार. तंबोऱ्याचा भोपळा कडेवर घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ भेटल्यासारखे वाटले.

वडिलांचा बेत मुलाला सुताराच्या हाताखाली घालावे असा होता. त्यांत वाईट काही नव्हते. संगीतावर पोट भरत नाही हे ते स्वतः वाजवून जाणत होते. पण आई हटून बसली, आणि १८८८ मध्ये मुलाला घेऊन बार्सिलोनाला गेली. तेथे बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात वडिलांबरोबर स्वरलिपीची पुस्तके चाळताना तेरा वर्षांच्या पाउच्या हाती बाखच्या सहा रचना लागल्या, एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या. त्या काळी त्या अभ्यासाच्या कसरती समजल्या जात. मैफलीत पुरी रचना कोणी वाजवीत नसे. पाउ त्या रोज घरी वाजवीत राहिला, आणि बारा वर्षे गेल्यावर त्यांतली एक त्याने लोकांपुढे मांडली. सहा महिन्यांत रंगमंचावर बसण्याची घाई झालेल्या माझ्या शिष्यांना मी ही बारा वर्षे वरचेवर ऐकवतो. ते नम्रपणे ऐकून घेतात.

पुढे माद्रिदला राजमाता मारिया क्रिस्तिना यांनी त्याला तनखा बांधून दिला. तेथून त्याला ब्रसेल्सला धाडले. पण तेथील वर्गात शिक्षकाने सर्वांदेखत टिंगल केली म्हणून हा स्वाभिमानी पोरगा तडक पॅरिसला निघून गेला आणि तनखा बंद झाला. दरबारी तनखा कसा बंद होतो हे गवयाच्या घरात समजावून सांगावे लागत नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा माझे वडील ऐन विशीत होते आणि दरबारच्या नोकरीला जेमतेम तीन वर्षे झाली होती. (मी त्यांच्या उतारवयातला मुलगा.) पॅरिसमध्ये पिलार शिवणकाम करू लागली, आणि एके दिवशी आपले लांबसडक केस विकून पैसे घेऊन आली. त्याचा तिने गाजावाजा केला नाही. मुलगा मात्र जन्मभर विसरला नाही.

ह्या बाईची आणखी एक गोष्ट मला तिच्या सगळ्या जपजाप्याहून मोठी वाटते. धाकट्या एन्रिकला सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम आला. तिने त्याला जवळ बसवून सांगितले की, कोणाला मारायला किंवा कोणाच्या हातून मरायला तुला मी जन्म दिलेला नाही, देश सोडून जा. तो अर्जेंटिनाला गेला. ज्या आईला आठ मुलांचे मरण पाहावे लागले तिने उरलेल्यांतल्या एकाला आपण होऊन दूर लोटले, ते तो जगावा म्हणून.

कासाल्स यांची भक्ती आईकडूनच आली असावी. सकाळी उठून फेरफटका करायचा, मग पियानोवर बसून बाखचे दोन प्रेल्यूड व दोन फ्यूग वाजवायचे, हा नेम त्यांनी ऐंशी वर्षे पाळला. ह्याने घर पवित्र होते असे ते सांगत. आमच्याकडे ज्याला पहाटेचा रियाज म्हणतात आणि ज्याला पूजा म्हणतात त्यांत वडीलही भेद करीत नसत. त्यांच्याजवळ कासाल्स यांच्या जुन्या तबकड्या होत्या. १९३६ ते १९३९ ह्या काळात कासाल्स यांनी बाखच्या त्या सहाही रचना ध्वनिमुद्रित केल्या, त्यांतल्या दोन-तीन. पाश्चात्त्य संगीताचा वडिलांना गंध नव्हता, पण तबकडी लागली की ते हातातले काम ठेवीत आणि म्हणत, “हा माणूस स्वर लावत नाही, स्वराची वाट पाहतो.”

त्या तबकड्या निघत होत्या तेव्हाच स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. फ्रँको जिंकला आणि १९३९ मध्ये कासाल्स फ्रान्समध्ये, कॅटलोनियाच्या सरहद्दीलगतच्या प्राद गावी जाऊन राहिले. निर्वासितांच्या छावण्यांतील देशबांधवांसाठी पत्रे लिहिणे, पैसे व अन्न पोचवणे हेच पुष्कळ दिवस त्यांचे मुख्य काम होते. महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही हटवतील अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरताच, फ्रँकोच्या राजवटीशी संबंध ठेवणाऱ्या देशांत आपण वाजवणार नाही असे त्यांनी जाहीर केले. कीर्तीच्या शिखरावर असताना वाद्य खाली ठेवणे ही किती कठीण गोष्ट आहे हे वाजवणाऱ्यालाच कळेल. १९५० मध्ये बाखच्या द्विशतसांवत्सरिक पुण्यतिथीला ते बोलेनात, तर जगच त्यांच्याकडे आले. प्रादच्या चर्चमध्ये उत्सव झाला.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यांनी एकदाच पाऊल टाकले. जानेवारी १९५५ मध्ये त्यांच्या अनेक वर्षांच्या सहचरी फ्रान्सिस्का विदाल वारल्या. आपल्याला एल वेंद्रेलला पुरावे ही त्यांची इच्छा. कासाल्स देह घेऊन गेले, मूठमाती दिली आणि परतले. आपला निग्रह त्यांनी घरच्या माणसासाठी मोडला, राजासाठी किंवा अध्यक्षासाठी नव्हे, असे मी म्हटले असते. पण १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यासाठी ते व्हाइट हाउसमध्ये वाजवायला गेले, आणि अमेरिकेचे फ्रँकोशी संबंध होतेच. पोर्तो रिकोही अमेरिकेच्याच अमलाखालचे. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले. मला वाटते, केनेडींपुढे आपले गाऱ्हाणे मांडता येईल ही आशा म्हाताऱ्याला सोडवली नाही.

आजोळी ते १९५६ पासून कायमचे राहिले. तेथे त्यांनी उत्सव सुरू केला, वाद्यवृंद उभारला, संगीतशाळा काढली. मार्ता मोंतान्येस ह्या शिष्येशी १९५७ मध्ये त्यांचे लग्न झाले. तिची आईही मायाग्वेसच्या त्याच घरात जन्मलेली होती, असे ते मोठ्या कौतुकाने सांगत. मूलबाळ नव्हते. पण शिकवताना विद्यार्थ्याचा धनुष्य धरलेला हात आपल्या हातात घेणाऱ्या ह्या टकल्या, चष्मेवाल्या वृद्धाचे छायाचित्र पाहिले की आजोबांशिवाय दुसरा शब्द सुचत नाही.

परदेशी असताना प्रत्येक मैफलीचा शेवट ते एका जुन्या कॅटलान लोकगीताने करीत. ख्रिस्तजन्माच्या रात्री सगळे पक्षी गाऊ लागतात, असे ते गीत. आपल्याकडचा कृष्णजन्माचा पाळणाच म्हणा ना. ‘गव्हाण’ ह्या अर्थाच्या नावाचे त्यांचे मोठे समूहगीतही त्याच रात्रीवरचे. जर्मन फौजांच्या धास्तीत प्रादला रचलेले, १९६० मध्ये मेक्सिकोत प्रथम गायले गेले आणि पुढे देशोदेशी शांततेसाठी त्यांनी स्वतः सादर केले. स्पेन त्यातून वगळला होता.

ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा सन्मान केला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या कासाल्स यांनी प्रथम आपण कॅटलान आहोत हे सांगितले, आपल्या प्रांताचे गोडवे गायले, आणि थरथरत्या हाताने तेच पक्ष्यांचे गीत वाजवले. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोत ते वारले. फ्रँको त्यांच्यामागे दोन वर्षे जगला. १९७९ मध्ये कासाल्स यांचे अवशेष समुद्र ओलांडून एल वेंद्रेलला आणण्यात आले. भोपळ्याचे ते वाद्य त्याच गावी जपून ठेवलेले आहे.