चांद झाला, पण दिसला कधी?

गोष्ट 2025 च्या रमजानमधली. 30 मार्चचा रविवार, आमच्याकडे एकोणतिसावा रोजा. सकाळीच दुबईहून मामूंचा फोन आला, "ईद मुबारक!" फोन ठेवल्यावर दादींचा चेहरा उतरला. ईदच्या दिवशी रोजा ठेवायचा नसतो. मग आपण आज चुकत तर नाही ना? त्यात आमच्या नववीतल्या मुलाने मोबाइल पुढे केला, "दादी, चांद तर कालच झाला. हे बघा." घरात दोन तट पडले.

संध्याकाळी चांद पाहायला आम्ही दिवाळे गावच्या जेट्टीवर गेलो. त्या दिवशी गुढीपाडवा होता, गावात गुढ्या उतरवण्याची लगबग चालली होती. खाडीचे पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. जाळे आवरत बसलेले ओळखीचे कोळी काका म्हणाले, "काल अवस झाली, उधाणाचं पाणी हाय." मुलगा लगेच म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

तो बरोबर होता आणि दादींचा रोजाही बरोबर होता. हे कसे, ते समजायला चारच शब्द लागतात.

पहिला शब्द युती. फिरता फिरता चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या दिशेला येतो, तो क्षण म्हणजे युती. हीच अमावास्या. तेव्हा चंद्राची उजळलेली बाजू सूर्याकडे असते, अंधारी आपल्याकडे. सूर्यग्रहण होते ते याच वेळी. 29 मार्चला युती झाली दुपारी सुमारे साडेचारला, आणि त्याच दिवशी युरोपात खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. मोबाइल ज्याला 'नवा चांद' म्हणतो तो हा क्षण. तो गणिताने मिळतो, डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा शब्द चंद्राचे वय, म्हणजे युतीपासून लोटलेले तास. 29 तारखेला आपल्याकडे सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम अडीच तासांचा होता. 30 तारखेच्या मगरिबला तो सव्वीस तासांचा झाला.

तिसरा शब्द कोनीय अंतर, म्हणजे आकाशात सूर्य आणि चंद्र एकमेकांपासून किती दूर दिसतात ते. हे अंशांत मोजतात. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. हे अंतर सात अंशांपेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजों यांनी दाखवून दिले. 29 तारखेला ते दोन अंशांच्या आसपास होते. 30 तारखेला पंधराच्या वर, म्हणजे दीड मूठ.

चौथा शब्द हिलाल, म्हणजे डोळ्यांना दिसलेली पहिली कोर. पंचांगातली प्रतिपदा युतीपासून मोजतात, आपला महिना हिलालपासून. म्हणून पाडवा रविवारी आणि ईद सोमवारी. दोन्हींमागे चंद्र एकच.

मग मामूंची ईद एक दिवस आधी कशी? त्यांचा रमजानच एक दिवस आधी लागला होता. 28 फेब्रुवारीला युती झाली सकाळी सव्वासहाला. मुंबईत सूर्यास्ताला चंद्र साडेबारा तासांचा होता. मक्केत सूर्य आपल्यानंतर दोन तासांहून उशिरा मावळतो, तोवर तो साडेचौदा तासांच्या पुढे गेला होता. जितके पश्चिमेला जावे तितका चंद्र मोठा होत जातो. त्यात प्रत्येक देशाची चांद ठरवण्याची रीत वेगळी. अमिरातीत ईद रविवारी झाली, पण शेजारच्या ओमानमध्ये आपल्यासारखीच सोमवारी.

काकांच्या उधाणाचे कारणही हेच. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती. त्या रविवारी तर चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, म्हणजे उपभूपाशी, सुमारे 3 लाख 58 हजार किलोमीटरवर होता. काकांनी मुलाला हिशेबही शिकवला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीनला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. समोरचा चिखल तेच सांगत होता.

आकाशाचे शब्द आपल्या घरांतही आहेत. सुरय्या हे मुलीचे नाव म्हणजे कृत्तिका. तिच्यामागून उगवणारी रोहिणी जगभर 'अल्देबरान' म्हणून ओळखली जाते. मूळ अरबी अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. डोक्यावरच्या बिंदूचा इंग्रजी शब्द 'झेनिथ' हाही अरबी समत अर्-रासवरून आला. मुलांना हे सांगितले की पुस्तकातला धडा परका वाटत नाही.

सातनंतर इमारतींच्या वर, दीड मुठीच्या थोडे खाली, बारीक कोर दिसली. आधी काकांना, मग मुलाला. दादींना दिसायला थोडा वेळ लागला. त्यांनी दुआ मागितली आणि मुलाला म्हणाल्या, "तुझा चांद कालचा, माझा आजचा. आता मामूंना फोन लाव."

महिना ठरवण्याचे काम चांद कमिटीचे आणि उलेमांचे, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. पण 'त्यांचा चांद खोटा की आपला' असे भांडण घरात सुरू झाले, तर मुलांना घेऊन बाहेर पडा, हात लांब करून मूठ धरा आणि मोजा.