विश्लेषण : रक्ताच्या कर्करोगात पेशीचे बटण अडकते कुठे?

थकवा, वजन घटणे, पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा. जालन्यातील एखादा रुग्ण एवढ्याच तक्रारी घेऊन रक्त तपासतो आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघतात. पुढे निदान होते ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’, म्हणजे सीएमएल. कर्करोग म्हटले की घर हादरते. मात्र हा कर्करोग बहुतेकांमध्ये रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. कारण त्याचे मूळ एका एन्झाइमच्या बिघाडात आहे.

कायनेज म्हणजे काय?

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. ‘कायनेज’ एन्झाइम प्रथिनाला फॉस्फेट जोडते, त्यामुळे अनेक प्रथिने कामाला लागतात. ‘फॉस्फेटेज’ तो फॉस्फेट काढून घेते. माणसात पाचशेहून अधिक कायनेज आहेत. या चालू-बंद यंत्रणेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२चे नोबेल मिळाले.

बिघाड कसा होतो?

अस्थिमज्जेतील एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून ‘बीसीआर-एबीएल’ हे कायनेज तयार होते आणि ते बंदच होत नाही. स्टार्टर अडकला की विहिरीवरची मोटार चालूच राहते, तसेच. पांढऱ्या पेशी वाढतच जातात. हा आजार संसर्गजन्य नाही आणि सहसा आनुवंशिकही नाही.

गोळी काय करते?

कायनेजला फॉस्फेट ‘एटीपी’ या रेणूकडून मिळतो. ‘इमॅटिनिब’ एटीपीचीच जागा अडवते. अमेरिकेत २००१मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याआधी हा आजार बहुधा काही वर्षांत उग्र रूप घेत असे.

ती परवडण्याजोगी कशी झाली?

नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’चा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक औषधाचा आठ-दहा हजार. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पेटंट नाकारले. माहीत असलेल्या औषधाचे नवे रूप उपचारात अधिक गुणकारी ठरले, तरच पेटंट मिळेल, असे पेटंट कायद्यातील कलम ३(ड) सांगते.

बरे वाटले की गोळी थांबवावी का?

स्वतःहून कधीच नाही. खरा धोका इथेच आहे. रक्ताचा अहवाल सुधारतो, अंगात ताकद येते. मग पेरणी-काढणीच्या गडबडीत छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईची फेरी टळते आणि डबी रिकामी राहते. गोळी थांबली की बटण पुन्हा चालू होऊ शकते. डोस वारंवार चुकल्यास आजारावरचा ताबा सुटण्याची शक्यता वाढते. उपचार थांबवण्याचा विचार मोजक्या रुग्णांबाबत, अनेक वर्षांनंतर आणि नियमित बीसीआर-एबीएल चाचणीच्या आधारे डॉक्टरच करतात. म्हणून डबी संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढची सोय करा. मळमळ, सूज किंवा पायात गोळे येत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो.