स्टेंटनंतरची जखम

स्टेंटची गोष्ट आपल्याकडे वाट मोकळी झाल्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते: ब्लॉकेज होते, फुगा फुगवला, जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी. गेल्या दोन दशकांचा हिशेब मांडला तर खरा झगडा जखम भरण्याशी होता असे दिसते. फुगा फुगताना रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर सोलून निघते. साध्या धातूच्या जाळीवर ते काही महिन्यांत परत येई, पण भरण्याच्या भरात स्नायुपेशीही माजत आणि चार-पाच रुग्णांमागे एकाची नळी पुन्हा अरुंद होई. २००२ साली रॅव्हेल चाचणीत सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटने सहा महिन्यांतले हे प्रमाण २६.६ टक्क्यांवरून शून्यावर आणले. शून्य! डॉक्टर हुरळले नसते तरच नवल. पण पेशींची वाढ रोखणारे औषध स्नायूची पेशी कोणती आणि अस्तराची कोणती, हे पाहत नाही.

त्याचे परिणाम २००६ मध्ये समोर आले. पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमाणी यांच्या गटाने शवविच्छेदनातून मिळालेले स्टेंट तपासले, तेव्हा औषधलेपित जाळीच्या काही तारा चाळीस महिन्यांनंतरही उघड्या आढळल्या. उघड्या तारेवर रक्ताची गुठळी धरते. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत या स्टेंटच्या सुरक्षिततेवरून गदारोळ उठला. ती भीती अतिरंजित होती, हा आक्षेप बराचसा खरा आहे. पुढच्या मोठ्या विश्लेषणांत एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. तरी विरमाणींचे निरीक्षण त्यामुळे खोडले गेले नाही. उलट पुढची सगळी सुधारणा त्याच दिशेने झाली. पहिल्या सायफर स्टेंटच्या तारा १४० मायक्रॉन जाड होत्या, नंतर आलेल्या झायन्सच्या ८१. सुरतेत बनणाऱ्या, ६० मायक्रॉनच्या सुप्राफ्लेक्सने २०१९च्या टॅलेंट चाचणीत झायन्सची बरोबरी केली. तार बारीक, लेप सौम्य, अस्तर लवकर.

महाराष्ट्रात याच काळात मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर पोचली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी ती लाखाच्या पुढे जाई. नागपुरात सक्करदऱ्यातल्या किंवा उमरेड रस्त्यावरच्या कुटुंबाला ‘मेडिकल’ या सरकारी रुग्णालयाची पायरी चढताना असणारी धास्ती यामुळे कमी झाली, हे मोठेच काम. मात्र आपला सगळा वाद किमतीभोवती फिरला. जाळी बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घरात किती महिने टिकतात, हे फारसे कुणी विचारले नाही. नवे स्टेंट लवकर भरतात, मग त्या गोळ्यांचा एवढा बाऊ कशाला, असे यावर म्हणता येईल. २०२१च्या मास्टर डॅप्ट चाचणीत एका महिन्याची दुहेरी गोळी पुरेशी ठरली, हेही खरे. पण ते रुग्ण रक्तस्रावाचा धोका जास्त असलेले, निवडलेले आणि नजरेखाली ठेवलेले होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला आजही साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या सांगतात. स्टेंट बसवलेल्या रुग्णांच्या २०१३च्या ‘पॅरिस’ नोंदणीतले निष्कर्ष मला इथे अधिक बोलके वाटतात: डॉक्टरने विचारपूर्वक गोळी बंद केलेल्यांत हृदयाचा धोका वाढला नाही, रक्तस्रावामुळे किंवा हेळसांडीने ती सुटली त्यांच्यात वाढला, आणि पहिल्या आठवड्यात सर्वाधिक. योजनेच्या आकडेवारीत किती स्टेंट बसले याशेजारी सहाव्या महिन्यात किती जण गोळी घेत आहेत, हाही रकाना हवा.